जुन्या गाडीचा डॅशबोर्ड काय सांगतो?



आपल्यापैकी बहुतेकांच्या ड्राइव्हवेमध्ये किंवा अपार्टमेंटच्या पार्किंग लॉटमध्ये एक तरी गाडी अशी असते, की जिचं कर्ज कधीच फिटलं आहे, विमा स्वस्त आहे आणि जी काढून टाकायला मन होत नाही. बहुधा ती कॅमरी, कोरोला, अकॉर्ड नाहीतर सिव्हिक असते. इंजिन ठणठणीत, रंग थोडा उडालेला आणि डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा, जो गेले आठ महिने चालूच आहे. "तो तसाच लागतो, काही होत नाही," असं म्हणत घरातला कर्ता माणूस गाडी चालवत राहतो. काहींनी त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावलेलीही आम्ही पाहिली आहे!

पण ही गाडी एक दिवस दुसऱ्याच्या हातात जाते. घरातला मुलगा किंवा मुलगी सोळा-सतरा वर्षांची झाली की "नवी गाडी कशाला, शिकायला हीच बरी" असं ठरतं. नाहीतर भारतातून नुकत्याच आलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला ती विकली जाते. आपल्याला सवयीने माहीत असतं की अमुक दिवा खोटा आणि तमुक काटा अडकतो. त्या नव्या चालकाला ते माहीत नसतं, आणि कधीकधी आपल्याला जे "माहीत" असतं तेही खरं नसतं. म्हणून या वेळी जुन्या गाड्यांचा डॅशबोर्ड आणि त्यामागचं इलेक्ट्रॉनिक्स यावर थोडं सविस्तर लिहीत आहोत. आपल्यात इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर काही कमी नाहीत, त्यांनी आम्हाला सांभाळून घ्यावं.

केबलपासून कॉम्प्युटरपर्यंत

ज्यांनी मुंबई-पुण्यात प्रीमियर पद्मिनी चालवली आहे किंवा निदान काळ्या-पिवळ्या टॅक्सीत पुढे बसून प्रवास केला आहे, त्यांना तिचं मीटर आठवत असेल. गिअरबॉक्समधून एक केबल वर यायची आणि तिच्या टोकाला एक चुंबक फिरायचं. त्या चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी आणि वाटीला एक बारीक स्प्रिंग. चुंबक जितकं जोरात फिरेल तितकी वाटी ओढली जाणार आणि काटा तितका पुढे सरकणार. केबल सुकली की काटा थरथरायचा, तुटली की शून्यावर पडायचा. गॅरेजवाला केबलला ग्रीस लावून द्यायचा आणि काम संपायचं. (मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. आपल्यातल्या अनेकांना तेव्हा हळहळ वाटली असेल.)

अमेरिकेत आपण ज्या जुन्या गाड्या चालवतो त्या बहुतेक १९९६ नंतरच्या. त्यांत ही केबल नसते. ट्रान्समिशनवरचा किंवा चाकांवरचा सेन्सर विजेचे ठोके पाठवतो, कॉम्प्युटर ते मोजतो, आणि मीटरच्या पॅनेलमधली बोराएवढी मोटर काटा फिरवते. या सबंध पॅनेलला इथले मेकॅनिक क्लस्टर म्हणतात. आता मुद्दा असा, की काटा चुकीचा दाखवत असेल तर दोष सेन्सरचा असेल, वायरचा असेल, कॉम्प्युटरचा असेल किंवा खुद्द क्लस्टरचा. इथेच लोकांचे पैसे वाया जातात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

ढोबळ नियम सांगतो. एकच काटा बिघडला असेल, उदाहरणार्थ फक्त गॅसचा, तर आधी त्या काट्याला माहिती देणाऱ्या सेन्सरवर संशय घ्या. सगळे काटे एकदम मेले तर फ्यूज, ग्राउंडची वायर किंवा क्लस्टरला मिळणारी वीज तपासा. आणि कधी चालतं, कधी बंद पडतं, डॅशबोर्डवर थाप मारली की पुन्हा सुरू होतं, असं असेल तर आतल्या सर्किट बोर्डवरचा सोल्डरचा टाका सुटला असण्याची शक्यता मोठी. आपल्या लहानपणीच्या टीव्हीला चापट मारून चित्र आणायचो ना, तोच प्रकार.

आधी बॅटरी, मग बाकीचं

डॅशबोर्डवर एकाच वेळी चार-पाच दिवे लागले की माणूस घाबरतो. अशा वेळी गाडी डीलरकडे नेण्याआधी बॅटरी तपासून घ्या. वीस डॉलरच्या मल्टिमीटरवर हे घरी होतं. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास हवं. त्याहून कमी असेल तर अल्टरनेटर चार्ज करत नाही. कॉम्प्युटरला पुरेसे व्होल्ट मिळाले नाहीत की तो वाटेल ते बोलू लागतो, बिचाऱ्याचा दोष नसतो.

मिशिगन, ओहायो, न्यू यॉर्ककडच्या मंडळींनी आणखी एक बघावं. हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनला जाणाऱ्या ग्राउंडच्या पट्ट्या गंजतात. दिवे मंद होणं, काटे नाचणं, ब्लिंकर दिला की दुसराच दिवा मिणमिणणं ही त्याची लक्षणं. पट्टी काढायची, दोन्ही टोकं तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत घासायची आणि पुन्हा घट्ट बसवायची. खर्च शून्य. जाता जाता, मिनेसोटाच्या थंडीत सकाळी डिजिटल आकडे संथपणे बदलत असतील तर तो बिघाड नाही. त्या पडद्यातला द्रव थंडीने आळसावतो, गाडी तापली की ठीक होतो.

रात्री उभी केलेली गाडी सकाळी सुरूच होत नसेल आणि बॅटरी नवी असेल, तर काहीतरी गुपचूप वीज खात आहे. सगळं बंद असताना, आणि गाडीतले कॉम्प्युटर झोपी जायला अर्धा-पाऊण तास दिल्यावर, बॅटरीतून जाणारा प्रवाह साधारण ५० मिलिॲम्पिअरच्या आत हवा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढून पाहा. जो काढल्यावर आकडा खाली येतो, चोर त्या वाटेवर आहे. विमा कंपनीने दिलेलं डॅशबोर्डखालचं ट्रॅकिंगचं डोंगलही चोर असू शकतं. फ्यूज बदलताना मात्र तेवढ्याच क्षमतेचा घाला. लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. १० चा वारंवार उडतो म्हणून तिथे ३० चा घालणं म्हणजे वायरला फ्यूज करणं. आगी अशाच लागतात.

'चेक इंजिन' नावाचा पाहुणा

१९९६ आणि त्यानंतरच्या अमेरिकेत विकल्या गेलेल्या प्रत्येक कारमध्ये स्टिअरिंगखाली कुठेतरी सोळा पिनांचं सॉकेट असतं. याला ओबीडी-टू म्हणतात. ही मूळ कल्पना कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाची. लॉस एंजेलिसच्या धुरकटाने त्यांना सोडवत नव्हतं, म्हणून गाडीनेच स्वतःच्या प्रदूषणावर नजर ठेवावी असं त्यांनी ठरवलं. म्हणजे हा दिवा मुळात इंजिन वाचवायला नसून हवा वाचवायला आहे. त्यामुळेच गाडी मस्त पळत असतानाही तो लागू शकतो.

वीस-तीस डॉलरचा कोड रीडर घरात असावा असं आमचं मत आहे. घरात थर्मामीटर असतो तसा. तो सॉकेटला लावला की एक कोड मिळतो. पहिलं अक्षर 'पी' म्हणजे इंजिन-ट्रान्समिशन, 'बी' म्हणजे बॉडी, 'सी' म्हणजे ब्रेक-सस्पेन्शनकडचा भाग, 'यू' म्हणजे कॉम्प्युटरांचं आपापसातलं बोलणं तुटलं. स्वस्त रीडर बहुधा फक्त 'पी' वाचतात. एअरबॅग आणि एबीएसचे कोड वाचणारा घ्यायचा असेल तर डब्यावर तसं लिहिलं आहे का पाहून घ्या. रीडर नसेल तर ऑटोझोन किंवा ओरायलीसारख्या सुट्या भागांच्या दुकानांत बहुतेक ठिकाणी फुकट कोड वाचून देतात.

मात्र कोड म्हणजे निदान नव्हे. ताप १०२ आहे एवढंच थर्मामीटर सांगतो, मलेरिया की टायफॉइड ते सांगत नाही. पी०४२० आला की अनेक दुकानं सरळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायला सांगतात आणि हे काम हजार-दीड हजार डॉलरच्या पुढे सहज जातं. प्रत्यक्षात एक्झॉस्टची गळती किंवा म्हातारा झालेला ऑक्सिजन सेन्सरही तोच कोड आणू शकतो. म्हणून "आधी गळती तपासली का?" एवढं विचारायला विसरू नका. आणि गाडी तेवढी जुनी नसेल तर हे लक्षात ठेवा, की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि इंजिनचा कॉम्प्युटर यांना केंद्र सरकारच्या नियमाने आठ वर्षं किंवा ८०,००० मैल, जे आधी संपेल तोवर वॉरंटी असते. मूळ वॉरंटी तीन वर्षांत संपली म्हणून कुणी पैसे मागितले तर हा नियम त्यांच्यासमोर ठेवा.

पी०४५५ किंवा पी०४४२ आला तर आधी गॅसच्या टाकीचं झाकण पाहा. या कोडचा अर्थ टाकीची वाफ कुठूनतरी निसटते आहे. झाकण सैल राहिलं, त्याचं रबर चिरलं, एवढंही कारण पुरतं. न्यू जर्सीत गॅस स्वतः भरायची परवानगीच नाही, पंपावरचा माणूस घाईत झाकण कसंतरी लावून जातो, आणि दोन दिवसांनी दिवा लागतो. 'क्लिक' आवाज येईपर्यंत झाकण फिरवा. दिवा लगेच जात नाही, काही दिवस गाडी चालल्यावर आपोआप जातो.

एकच गोष्ट मनावर कोरून ठेवा. चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल तर घरी जाऊन पाहता येतं. तो लुकलुकत असेल तर सिलिंडरमध्ये स्फोट नीट होत नाहीयेत आणि न जळलेलं गॅस कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळत आहे. वेग कमी करा, बाजूला घ्या. लाल दिव्यांबाबत तर चर्चाच नको. तेलाच्या बुधलीचा लाल दिवा म्हणजे तेलाचा दाब गेला. त्याच क्षणी सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करायचं, "पुढच्या एक्झिटपर्यंत जाऊ" नाही. मुलांना गाडी देताना हे तोंडपाठ करून घ्या.

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी बॅटरीची वायर काढून दिवा घालवायचा, हा उपाय अजूनही काहीजण सुचवतात. तो चालत नाही. कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही पुसल्या जातात आणि तपासणीचं यंत्र "अजून तयार नाही" असं दाखवतं. २००१ आणि पुढच्या गाड्यांना बहुतेक राज्यांत अशी एकच चाचणी अपूर्ण चालते, १९९६ ते २००० च्या गाड्यांना दोन. कॅलिफोर्निया याहूनही कडक आहे आणि तिथे मार्च २०१५ पासून २००० आणि पुढच्या गाड्यांची तपासणी मुख्यतः या सॉकेटमधूनच होते. दुरुस्ती करा, मग आठवडाभर शहरात आणि हायवेवर दोन्हीकडे गाडी चालवा, आणि मगच तपासणीला न्या.

दुसरी बाजूही बघा. न्यू जर्सीने २०१० च्या ऑगस्टपासून खाजगी गाड्यांची ब्रेक-दिव्यांची तपासणी बंद केली, फक्त प्रदूषणाची ठेवली. टेक्सासने १ जानेवारी २०२५ पासून बहुतेक गाड्यांची सुरक्षा तपासणी रद्द केली, मोठ्या शहरांभोवतीच्या काउंटींमध्ये धुराची तपासणी तेवढी राहिली. म्हणजे ब्रेकचा आणि एअरबॅगचा दिवा लागलेली गाडी तिथे कायद्याने अडवली जाईलच असं नाही. ते आपणच बघायचं आहे.

एअरबॅगचा दिवा, आणि जो दिवा लागतच नाही

या भागासाठीच खरं तर हा लेख लिहायचं ठरवलं.

एसआरएस किंवा एअरबॅगचा दिवा लागलेला असेल तर बहुतेक गाड्यांत ती यंत्रणा काही अंशी किंवा पूर्णपणे बंद झालेली असते. अपघात झाला तर फुगा उघडेलच याची खात्री नाही. कारणं कधीकधी अगदी क्षुल्लक असतात. पुढच्या सीटखाली पिवळ्या रंगाचा एक कनेक्टर असतो. सीट मागेपुढे करताना किंवा सीटखाली छत्री, पाण्याच्या बाटल्या, भारतीय दुकानातल्या पिशव्या कोंबताना तो ओढला जातो. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे स्टिअरिंगखालची गुंडाळी केलेली पट्टीसारखी वायर, जिला क्लॉकस्प्रिंग म्हणतात. ती तुटली की एअरबॅगच्या दिव्याबरोबर हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची क्रूझची बटणंही जातात. दोन्ही एकदम गेलं असेल तर मेकॅनिकला तसं सांगा, त्याचा वेळ आणि तुमचे पैसे वाचतील.

डॅशबोर्ड घरी उघडणाऱ्यांनी पिवळा रंग दिसला की हात मागे घ्यावा. एअरबॅगच्या वायरी आणि कनेक्टर पिवळ्या असतात. स्टिअरिंगजवळ काहीही काम करायचं तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून किमान तीन मिनिटं, किंवा मॅन्युअलमध्ये त्याहून जास्त लिहिलं असेल तर तेवढी, थांबायचं. यंत्रणेत तेवढा वेळ वीज साठलेली असते. आणि मल्टिमीटरने एअरबॅगची वायर कधीही तपासायची नाही.

आता जो दिवा लागत नाही त्याबद्दल. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण सगळ्यांनी ऐकलं असेल. फुगा फुगवणाऱ्या डबीत अमोनियम नायट्रेट होतं. ते उष्णतेने आणि दमटपणाने वर्षानुवर्षं खराब होत जातं आणि अपघातात फुगा फुगवण्याऐवजी डबीच फुटून धातूचे तुकडे चालकाच्या अंगावर येतात. अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख डब्या परत बोलावल्या गेल्या. या देशातल्या इतिहासातला हा सर्वांत मोठा रिकॉल. कंपनीने जून २०१७ मध्ये दिवाळं काढलं. अमेरिकेतच पंचवीसहून अधिक माणसं यात गेली.

आपल्या वाचकांनी हे विशेष वाचावं, कारण यातल्या सर्वांत धोकादायक गाड्या नेमक्या आपल्या आवडीच्या आहेत. २००१ ते २००३ च्या काही होंडा आणि अॅक्युरा गाड्यांत बसवलेल्या एका प्रकारच्या डब्या अपघातात फुटण्याची शक्यता ५० टक्क्यांपर्यंत आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये होंडाने अशा उरलेल्या गाड्या "चालवूच नका" असं सांगितलं. जानेवारी २०२४ मध्ये टोयोटाने २००३-०४ ची कोरोला आणि मॅट्रिक्स, आणि २००४-०५ ची रॅव्ह-फोर अशा सुमारे ५०,००० गाड्यांसाठी तेच सांगितलं.

आणि ही डबी खराब झाली आहे हे डॅशबोर्डला कळत नाही! तो वायर जोडलेली आहे एवढंच तपासतो, आतलं रसायन तपासत नाही. म्हणजे दिवा बंद, सगळं छान, आणि तरीही धोका. यावर एकच उपाय. विंडशील्डच्या खाली चालकाच्या बाजूला असलेला सतरा अक्षरांचा व्हीआयएन नंबर राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा संस्थेच्या म्हणजे एनएचटीएसएच्या वेबसाइटवर टाका. नाहीतर ८८८-३२७-४२३६ या त्यांच्या क्रमांकावर फोन करा. दुरुस्ती फुकट असते. गाडी तिसऱ्या-चौथ्या हातातली असेल तर रिकॉलची पत्रं जुन्या मालकाच्या पत्त्यावर जात असतात, म्हणून "आम्हाला कधी पत्र आलं नाही" यावर विसंबू नका. त्यातही गाडीला आधी अपघात होऊन एअरबॅग बदललेली असेल, तर ती भंगारातल्या गाडीची किंवा बनावट असू शकते. जुलै २०२४ मध्ये एनएचटीएसएने अशा स्वस्त बनावट डब्यांबद्दल वेगळा इशारा दिला होता. शंका असेल तर चांगल्या मेकॅनिककडून पाहून घ्या.

टायरचा घोड्याच्या नालेसारखा दिवा ही मात्र हलकी गोष्ट. २००८ पासूनच्या गाड्यांत तो असतोच. थंडी पडली की लागतो, कारण तापमान १० अंश फॅरनहाइटने उतरलं की टायरचा दाब साधारण १ पीएसआयने कमी होतो. गाडी सुरू केल्यावर तो मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला तर दाब नव्हे, सेन्सरची बॅटरी संपली आहे. टायर बदलताना तो सेन्सरही बदलून घ्यावा, वेगळी मजुरी वाचते.

काही ठरलेली दुखणी

नव्वदीच्या दशकातल्या होंडा गाड्यांचं मेन रिले हे प्रसिद्ध प्रकरण आहे. उन्हाळ्यात गाडी तासभर उन्हात उभी करा, परत येऊन किल्ली फिरवा, इंजिन घरघरतं पण सुरू होत नाही. काचा उघडून पंधरा-वीस मिनिटं थांबलं की निमूटपणे सुरू होतं! डॅशबोर्डखालच्या त्या छोट्या डबीतल्या सोल्डरला बारीक भेगा पडलेल्या असतात, उष्णतेने त्या उघडतात. ओळख सोपी आहे. किल्ली 'ऑन'वर नेली की मागून दोन सेकंद गॅसच्या पंपाचा गुणगुणता आवाज यायला हवा, तो येत नाही. ज्यांचा हात सोल्डरिंग आयर्नवर बसला आहे त्यांनी ते टाके नव्याने वितळवले की काम होतं. इतरांनी नवा रिले घ्यावा.

जनरल मोटर्सच्या २००३ ते २००६ च्या पिकअप आणि मोठ्या एसयूव्हींमध्ये काटे फिरवणाऱ्या मोटरी जातात. गाडी उभी आणि काटा ८० वर! मोटर स्वस्त मिळते, पण सहा-सात मोटरी सोल्डर काढून बदलणं आणि काटे पुन्हा बरोबर जागी लावणं हे निवांत दुपारचं काम आहे. जुन्या बीएमडब्ल्यू आणि साबमध्ये माहिती दाखवणाऱ्या पडद्यावरच्या अक्षरांच्या उभ्या रेघा गळतात, तिथे चिकटवलेली पट्टीसारखी वायर सुटलेली असते. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये, म्हणजे २००४ ते २००९, सबंध मीटरच काळं पडतं, कारण त्यातला एक कपॅसिटर थकतो. वेग दिसत नाही आणि कधी गाडी बंदही होत नाही. हे दुर्लक्ष करण्यासारखं नव्हे.

क्लस्टर दुरुस्त करायचा की दुसऱ्या गाडीचा आणून बसवायचा? आमचा कौल पहिल्याला. जंकयार्डमधून आणलेल्या क्लस्टरमध्ये त्या गाडीचे मैल असतात. काही फोक्सवागनमध्ये तर चोरीविरोधी यंत्रणाही क्लस्टरमध्येच असते, दुसरा बसवला की गाडी सुरूच होत नाही. स्वतःचा क्लस्टर काढून दुरुस्ती करणाऱ्यांकडे टपालाने पाठवला की मैल कायम राहतात. तेवढे दिवस गाडी उभी राहील, ती तयारी ठेवा.

मैलांचा कायदा कडक आहे. १९७२ पासून ओडोमीटर मागे फिरवणं हा केंद्रीय गुन्हा आहे. दुरुस्तीत मूळ आकडा ठेवता आला नाही तर तो शून्यावर आणून, आधीचे मैल आणि दुरुस्तीची तारीख लिहिलेली चिठ्ठी चालकाच्या बाजूच्या दरवाजाच्या चौकटीला लावावी लागते. ही चिठ्ठी काढून टाकणंही गुन्हा. तरी एनएचटीएसएच्या अंदाजाने दरवर्षी साडेचार लाखांहून अधिक गाड्या खोट्या आकड्यावर विकल्या जातात. विकताना मैल लिहून देण्याचा नियम पूर्वी दहा वर्षांपर्यंतच्या गाड्यांना होता. १ जानेवारी २०२१ पासून २०११ आणि पुढच्या मॉडेलना तो वीस वर्षांपर्यंत लागू झाला.

घड्याळ, रेडिओ आणि उघडण्याआधी

बॅटरी बदलली की जुन्या होंडाचा रेडिओ 'कोड' मागतो. ग्लव्हबॉक्समधलं कार्ड हरवलं असेल तर घाबरू नका. व्हीआयएन आणि रेडिओचा सिरियल नंबर दिला की होंडाच्या वेबसाइटवर तो फुकट मिळतो. उगाच पैसे मोजू नका.

१ जानेवारी २०२२ ला एक गंमत झाली. नॅव्हिगेशन असलेल्या अनेक जुन्या होंडा-अॅक्युरा गाड्यांची घड्याळं एकदम २००२ सालात गेली आणि काही केल्या सुधारेनात. जीपीएस आठवडे मोजतं ते १०२४ पर्यंतच, मग पुन्हा शून्यापासून. या गाड्यांचा हिशोब तिथे चुकला. ऑगस्ट २०२२ मध्ये घड्याळं आपोआप बरोबर झाली. मधल्या काळात डीलरकडे जाऊन काही होणार नव्हतं. याउलट काही गोष्टी कायमच्या गेल्या. २००८ च्या सुरुवातीला ॲनालॉग मोबाइल बंद झाला तेव्हा जुन्या गाड्यांतली ऑनस्टारची मदत मुकी झाली, आणि २०२२ मध्ये थ्री-जी बंद झाल्यावर अनेक मेकच्या गाड्यांचं अपघातात आपोआप फोन करणं थांबलं. तुमच्या गाडीत मदतीचं बटण असेल तर ते अजून काम करतं का हे एकदा विचारून घ्या. आणि मागे बघायचा कॅमेरा मे २०१८ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचा झाला. जुनीला नसेल तर बसवून घेण्यासारखा आहे, विशेषतः घरात नातवंडं असतील तर. दुकानदाराला वायरी कापू नका, जोडणीचा तयार हार्नेस वापरा असं सांगा.

स्वतः क्लस्टर काढणार असाल तर बॅटरी आधी काढा, प्रत्येक पायरीचा फोटो घ्या, प्लॅस्टिकच्या क्लिपा थंडीत मोडतात म्हणून गाडी आधी थोडी उबदार करा. बोर्डला हात लावण्यापूर्वी धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. काटे बोटाने फिरवू नका. मागचे छोटे बल्ब पाव फेरा दिला की निघतात. त्याऐवजी एलईडी घातला आणि तो लागला नाही तर उलटा करून बसवा, त्याला दिशा असते.

जुनी गाडी घ्यायला निघालेल्या विद्यार्थ्यांसाठी शेवटचं. किल्ली फक्त 'ऑन'वर न्या, इंजिन सुरू करू नका. चेक इंजिन, एअरबॅग, एबीएस, तेल, सगळे दिवे लागायला हवेत. एअरबॅग आणि एबीएसचे काही सेकंदांत जातील, बाकीचे इंजिन सुरू झाल्यावर. जो दिवा लागलाच नाही त्याचा बल्ब कुणीतरी काढला आहे असं समजा. मग कोड रीडर लावा. एकही कोड नाही पण बऱ्याच चाचण्या "तयार नाही" असतील, तर विकणाऱ्याने सकाळीच कोड पुसलेले असू शकतात. "पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊन बघतो" असं सांगून निघा. आणि व्हीआयएनचा फोटो तेवढा काढून आणा.